ताईचा हिरवा कागद

८ एप्रिल २०२६, बुधवार, ॲशबर्न, अमेरिका

मागच्या अंगणातलं जांभळं झाड आज एकदम फुललं. त्याचं नाव माझ्या लेकीनं, देवयानीनं, दोनदा सांगितलंय आणि मी दोन्ही वेळा विसरलोय. पानं यायच्या आधीच फांदीफांदीला फुलं चिकटलेली. असं काही दिसलं की मला शाळेतली एखादी कविता आठवतेच. सकाळी चहाच्या वेळी मी एक सुरू केली. रीतीप्रमाणे दुसरी ओळ ताईनं म्हणायची असते. कऱ्हाडच्या शाळेपासून चालत आलेला हा शिरस्ता. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिच्या कविता ऐकून ऐकून माझ्या पाठ झाल्या.

पण ताईनं हात वर केला. "थांब रे मन्या. वाचू दे मला."

टॅबवर बातमी होती. युरोपात शिरताना आता पासपोर्टवर शिक्का मारणार नाहीत. यंत्र चेहऱ्याचा फोटो घेणार, बोटांचे ठसे घेणार आणि कोण किती दिवस राहिलं ते स्वतःच मोजत बसणार. परवापासून सगळ्या सीमांवर पुरतं सुरू. ब्रिटिश पासपोर्टवाला तिकडे पाहुणा, सहा महिन्यांत नव्वद दिवस राहायचं आणि निघायचं.

"तुला काय त्याचं?" मी म्हणालो. "तू तर तिथलीच."

"तिथलीच आहे. पण ते दाखवायला लागतं ना."

ताईची गोष्ट अशी. लग्न होऊन ती इंग्लंडात लेस्टरला गेली, तिकडचाच पासपोर्ट घेतला. दाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी स्पेनमध्ये, मालागाजवळ, समुद्र दिसेल असं छोटं घर घेतलं, दाजींच्या गुडघ्यांना ऊन हवं म्हणून. तेव्हा तिथल्या कचेरीनं रहिवासाचा एक हिरवा कागद दिला. पुढे ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं. तिच्या ओळखीच्या बहुतेक इंग्रज लोकांनी कागद देऊन फोटोचं नवं कार्ड करून घेतलं. ताईनं केलं नाही. त्याच वर्षी दाजी आजारी होते, मग गेले, मग राहूनच गेलं. कागद अजून चालतो असं म्हणतात. म्हणतात.

इथेही तिला नव्वदच दिवस. मे महिन्यात निघायलाच हवं.

मी तिला म्हणालो, "नाहीच घेतलं त्यांनी आत, तर इथे खोली आहेच."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कविता पुरी न करताच उठली.

१० एप्रिल

आज ते यंत्र सुरू. ताईनं दिवसभर बोटं तपासली. देवयानीच्या फोनला ठशाचं कुलूप आहे, त्यात ताईचा अंगठा घालायचा प्रयत्न केला. फोननं पाच वेळा नकार दिला.

"भांडी घासून घासून गेले सगळे ठसे," ताई म्हणाली.

"आत्या, तुझ्याकडे तर डिशवॉशर आहे," देवयानी म्हणाली.

"लेस्टरला होता का? तिथली तीस वर्षं कुणी घासली?"

शंतनू, आमचे जावई, इथल्या डेटा सेंटरमध्ये कामाला आहेत. गावाभोवती त्या बिनखिडक्यांच्या इमारतीच इमारती. जवळून गेलं तर भ्रमर गुंजावा तसा आवाज येतो. (भ्रमर कसला, शंतनू म्हणतात एसी आहेत ते.) जेवताना ते म्हणाले, "आत्या, घाबरू नका यार. उलट ठसे उमटले नाहीत तर मशीनच माफी मागेल."

सगळे हसले. ताईही हसली, पण पोळी अर्धीच खाल्ली.

१४ एप्रिल

आज माझ्या हातून एक चांगलं काम झालं. ताईच्या उपयोगी पडलो याचं समाधान आहे.

ताईनं तो हिरवा कागद काल टेबलावर काढून ठेवला होता. पाहिला तर अवस्था कठीण. घड्यांवर झिजलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. सीमेवरच्या माणसाच्या हातात हा द्यायचा? मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नकाशा कसा जपायचा ते मला सांगायला नको. आमच्या घरात तर महत्त्वाचा कागद आला की तो लॅमिनेट झालाच म्हणून समजा. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका, बायकोचं, मालिनीचं बी.एड., रेशन कार्ड, सगळं प्लॅस्टिकमध्ये. मालिनी म्हणायची, तुमचं चाललं तर मलाही घालाल.

ताई दुपारी आडवी झाली तसा मी कागद घेऊन चालत निघालो. किराणा दुकानाच्या ओळीत झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या मुलीनं दोन मिनिटांत करून दिलं. जाड, कडक, कडा गोल कापलेल्या. उन्हात धरला तर पानासारखा चमकला. येताना बाकावर बसून मी दोनदा पाहिला.

संध्याकाळी चहाबरोबर ताईसमोर ठेवला.

तिनं हातात घेतला. बोट फिरवलं, उलटा केला, परत सुलटा केला.

"मन्या, हे तू कुणाला विचारून केलंस?"

"विचारायचं काय? सरप्राइज!"

आनंद काही वेळा उशिरा कळतो माणसाला.

१५ एप्रिल

नाही. तसं नव्हतं ते.

ताईचा तिकडच्या इंग्रज पेन्शनरांचा एक ग्रुप आहे. तिनं रात्री तिथे विचारलं आणि सकाळपर्यंत चाळीस उत्तरं. एक बाई म्हणते, सरकारी कागद लॅमिनेट केला की तो बादच. एक गृहस्थ म्हणतात, माझा तर दहा वर्षं लॅमिनेट आहे, कुणी विचारलं नाही. तिसरा म्हणतो, शिक्का खरा की झेरॉक्स ते हातानं चाचपून बघतात, प्लॅस्टिकमधून काय कळणार? आणि कागद मानला नाही तर? तर ते यंत्र ताईला पाहुणी म्हणून नोंदणार, आणि नव्वद दिवसांनी ती स्वतःच्या घरात बेकायदा ठरणार.

मी चाळीसही उत्तरं पुन्हा वाचली.

देवयानी ऑफिसच्या कॉलमधून उठून आली, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तुम्हाला आत्या जायला नकोच आहे ना?"

"म्हणजे मी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

"काही नाही. चहा ठेवू?"

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला पोटची मुलगी असं विचारते! मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. मला ताई जायला नको आहे हे खरंच आहे. ते कुणाला हवं असेल? ती आल्यापासून सकाळी कुणीतरी दुसरी ओळ म्हणतं. मालिनीला जाऊन दोन वर्षं झाली आणि इथे आल्यापासून मी कविता मनातच म्हणत होतो. पण म्हणून कोणी कागद बाद करील का? देवयानीला कामाचा ताण फार आहे.

१७ एप्रिल

प्लॅस्टिक काढायचा प्रयोग. शंतनूंनी घरूनच काम घेतलं होतं. त्यांनी आधी एका जुन्या वीजबिलाचं लॅमिनेशन करून आणलं, म्हणजे चूक झालीच तर बिलावर होईल. हा माणूस हुशार आहे. देवयानीचा हेअर ड्रायर, लोणी काढायची सुरी आणि आम्ही दोघं.

ड्रायरनं प्लॅस्टिक मऊ झालं, कोपरा सुटला, मला हुरूप आला. मग शंतनूंनी ओढलं तसं कागदाचं वरचं कातडंच प्लॅस्टिकला चिकटून निघालं. अक्षरं सगळी तिकडे, इकडे नुसता पांढरा लगदा.

"बाबा, हे प्लॅस्टिक आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगणार," शंतनू म्हणाले.

ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझ्या कागदाला हात लावाल तर दोघांचीही बोटं लॅमिनेट करीन."

सुटलो. ती रागावली म्हणजे बरं असतं. गप्प राहिली की भीती वाटते.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

डब्यातल्या रसाचा आमरस, पण पुऱ्या ताईच्या हातच्या. जेवण फार छान झालं आणि मग भांडण झालं.

सुरुवात माझीच. मी म्हणालो, "ताई, तिकीट थोडं पुढे ढकलून बघू या का? काहीतरी मार्ग निघेल. किंवा नाहीच निघाला तर तू लेस्टरला तरी जाऊ शकतेस, तिथून मग इकडे परत."

"लेस्टरला कुणाकडे जाऊ?"

"तसं नाही..."

"मन्या, ऐक. लेस्टरला मी साडीवाली बाई. कऱ्हाडला गेले की लंडनची पाहुणी. कऱ्हाडात कुणी मला पाट मांडल्याशिवाय जेवायला बसू देत नाही. स्पेनमध्ये मी कोण आहे माहीत आहे? पाव विकणारा मला उशीर झाला की ओरडतो. शेजारची पिलार न विचारता माझ्या झाडाची लिंबं तोडते. तिथे मला कुणी पाहुणी समजत नाही रे. एवढ्या आयुष्यात एकाच गावानं मला धरून ठेवलंय, आणि आता एक यंत्र म्हणणार, बाई, तुमचे नव्वद दिवस झाले."

तिचा आवाज हलला. ताईला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू? दोन वर्षं झाली तुला या घरात. फ्रिज उघडायला देवूला विचारतोस. बातम्या लावायला शंतनूला विचारतोस. तुझी बॅग अजून पलंगाखाली अर्धी भरलेली आहे. तू स्वतः पाहुणा होऊन बसलायस, म्हणून सोबतीला तुला दुसरी पाहुणी हवी आहे."

भांडणात ताईला काहीही सुचतं. विचारून फ्रिज उघडणं ही शिष्टाचाराची गोष्ट आहे. आणि बॅगेत हिवाळ्याचे कपडे आहेत. ते ठेवायला जागा कुठे आहे? कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे आहेत म्हणा, पण ते देवयानीचे असतील असं मला वाटत होतं.

देवयानी ओट्याशी उभी होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "बाबा, ते कप्पे तुमचेच आहेत. पहिल्या दिवसापासून."

मी उठून खोलीत जाऊन पडलो. आमरस जड असतो.

२० एप्रिल

बॅग रिकामी केली. दोन कप्पे भरले, तरी एक स्वेटर उरला. आणखी जागा मागावी का, असा विचार करत होतो. मग मागितली नाही, खुंटीला लावला.

२४ एप्रिल

ताईनं ठरवलं आहे. कागद आहे तसा घेऊन जायचा. सोबत आणखी पुरावे गोळा करायचे. पिलार रोज काहीतरी फोटो काढून पाठवते आहे. घराची नोंद, पाण्याचं बिल, गावच्या कचेरीतला तिथे राहत असल्याचा दाखला, दवाखान्याचं कार्ड. शंतनू छापतात, ताई लावते. एकदा पिलारनं चुकून स्वतःच्या नातवाच्या बारशाचा फोटो पाठवला. ताई म्हणाली, तोही ठेवा, मी आहे त्यात.

मी एकच अट घातली की मला कशालाही हात लावू देऊ नका.

"कागदांना भोकं पाडू का, बाबा?" ताई देवयानीचा आवाज काढून म्हणाली. तिला मला चिडवताना बघून बरं वाटलं. अपराध पोटात असतो तेव्हा कुणी चिडवलं की तो थोडा हलतो.

पण भीती गेलेली नाही. आज फिरताना त्या बिनखिडक्यांच्या इमारतीजवळ थांबलो. शंतनू म्हणतात, जगभरातले लोकांचे फोटो अशाच कुठल्या कुठल्या इमारतींत पडलेले असतात. मनात आलं, ताईचा चेहराही कुठल्यातरी अशाच भिंतीआड जाऊन पडेल, खाली लिहिलेलं असेल, पाहुणी. शाळेत आम्हाला वृत्तं शिकवत तेव्हा एक मात्रा जास्त झाली की मास्तर वहीवर लाल रेघ ओढत. ताईची एक मात्रा जास्त झालेली मला चालणार नाही. माझ्यामुळे तर नाहीच.

५ मे, मंगळवार

ताई निघाली.

सकाळी एक अभंग जमला. खूप वर्षांनी जमला. विमानतळावर म्हणून दाखवावा असं ठरवलं होतं, पण गाडीतच राहवलं नाही.

ताई निघे दूर
सागराच्या पार
हलका हो भार
कागदाचा

देवयानी म्हणाली, "वा!" शंतनूंनी आरशातून अंगठा दाखवला. ताई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "चांगला आहे. पहिली ओळ चुकलीय."

"सहाच अक्षरं आहेत, मोज."

"अक्षरांचं नाही रे. मी दूर कुठे निघालेय? घरी निघालेय."

मी मनात ओळ फिरवून बघत राहिलो. ताई निघे घरी, असं केलं तर पुढचं यमक जुळत नाही. पण तिचं बरोबर आहे असं वाटलं. तेव्हा पहिल्यांदाच असं वाटलं की तिनं पोचावं. म्हणजे आधीही वाटत होतं, पण आज त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

तपासणीच्या दाराशी तिनं माझ्या गालावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "उद्यापासून दुसरी ओळ फोनवर. चुकशील तर पैसे लागत नाहीत, परत म्हण."

घरी आल्यावर मी फ्रिज उघडून ताक काढलं आणि सगळ्यांना दिलं.

६ मे

उठलो तेव्हा देवयानी बैठकीतल्या सोफ्यावर फोन छातीशी धरून झोपली होती. अंगावर कालचेच कपडे. रात्रभर तिथेच असणार. मी पांघरूण घातलं तशी तिनं एक डोळा उघडला.

"आत्या आत गेली, बाबा. सोडलं तिला."

एवढंच म्हणाली आणि परत झोपली. मी तिथेच खुर्चीत बसलो. देवयानी माझ्यासाठी जागली की आत्यासाठी, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

साडेनऊच्या सुमारास ताईचा फोन आला. माद्रिदहून आगगाडीनं मालागा, तिथून पुढे टॅक्सीत होती.

"अरे, काय सांगू! पासपोर्टवाल्यांची ही मोठी रांग, सगळे त्या यंत्रांपुढे चष्मा काढतायत, टोपी काढतायत, एक बाई तर यंत्राला दिसतच नव्हती इतकी ती बुटकी. मी एका पोरीला विचारलं, मी इथे राहते, मी कुठे जाऊ? तिनं मला बाजूच्या खिडकीवर पाठवलं. तिथे एक तरुण पोलीस. मी कागद सरकवला. माझं काळीज बघ, इथे."

"मग?"

"त्यानं घेतला. वाकवला. टेबलावर टक टक वाजवला. मग मागच्याला हाक मारली. तो आला, त्यानंही वाकवला. मी म्हटलं, संपलं. मी भाऊ म्हटलं, अमेरिकेत आहे म्हटलं, प्रेमानं केलंय म्हटलं. माझं स्पॅनिश तुला माहितीच आहे."

"मला स्पॅनिश येतच नाही."

"म्हणूनच सांगते, उत्तम होतं. तर तो तरुण हसायला लागला. म्हणाला, माझी आजी टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लॅस्टिकमध्ये घालते. मागच्यानं पाण्याची बिलं चाळली, संगणकात काहीतरी बघितलं, म्हणाला, बाई, तुमचं नाव आहे इथे. यंत्राकडे जायचं कारण नाही. पण लवकर कार्ड करून घ्या आणि कार्ड भावाला देऊ नका."

"असं म्हणाला?"

"शेवटचं मी घातलं."

मी हसलो. मग लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसूही थांबत नाहीये. देवयानी जागी होऊन समोर बसली होती, तीही तसंच करत होती. शंतनू ऑफिसच्या कॉलवरून ओरडले, "काय झालं? आत्या ओके?"

"ओके!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

तेवढ्यात टॅक्सी थांबली. ताई म्हणाली, थांब हं, सामान उतरवते, फोन ठेवू नकोस. चाकं दगडांवरून खडखडत गेली. कुणीतरी लांबून तिच्या नावानं हाक मारली, "सारला!" असं काहीतरी. ताईनं तिकडच्या भाषेत काही उत्तर दिलं आणि दोघी खूप मोठ्यानं हसल्या. मग किल्ली. किल्ली अडकली असावी, कारण ताई दाराला मराठीत शिव्या देत होती. मग दार उघडलं.

"आले रे घरी," ती म्हणाली.

आणि फोन बंद करायला विसरली. कुठेतरी टेबलावर ठेवून दिला असणार. मी ऐकत राहिलो. खिडक्या उघडल्याचा आवाज, एक, मग दुसरी. पाण्याचा नळ आधी फुसफुसला, मग वाहू लागला. धुळीबद्दल ताईचा एक शेरा. पक्षी, कुठला ते कळलं नाही. चपला काढल्या, अनवाणी पावलं इकडून तिकडे गेली आणि तिकडून परत आली. मग ती स्वतःशीच गुणगुणू लागली. पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबली.

मी दुसरी म्हटली. तिला ऐकू गेली नसावी. ती पुढच्या खोलीत गेली होती.